कड्यावरचा एकच पक्षी आणि त्याची फार सुंदर गोष्ट

एस्थर कलन यांचा १९५७ सालचा, ‘आयबिस’मध्ये आलेला पेपर मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी वाचला आणि प्रेमातच पडले. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या फार्न बेटांवर त्यांनी किटीवेक या छोट्या कुरव पक्ष्याची घरटी न्याहाळली. बहुतेक कुरव जमिनीवर घरटी करतात, हा मात्र उभ्या कड्याच्या अरुंद कंगोऱ्यावर. मग त्याच्या वागण्यात काय काय बदललं?

उत्तर वाचताना खरंच मजा येते. जमिनीवरच्या कुरवांची पिल्लं धोका दिसला की पळून लपतात. किटीवेकचं पिल्लू पळालं तर थेट समुद्रात! म्हणून ते जागचं हलत नाही. पिल्लं भटकतच नाहीत, त्यामुळे आईबापांना सुरुवातीचे काही आठवडे आपलं पिल्लू ओळखूही येत नाही. फुटलेल्या अंड्यांची टरफलं दूर नेऊन टाकायची खटपट नाही, कारण शत्रू तिथवर क्वचितच पोचतो. घरटंही चिखल थापून केलेलं, चांगलं खोलगट.

मी हे सगळं प्रबंधाच्या प्रस्तावनेत जसंच्या तसं घातलं. गाइडनी समासात एवढंच लिहिलं: ‘एन = १?’

राग आला, पण मुद्दा बरोबर होता. निरीक्षणं भक्कम आहेत. ‘कड्यामुळे’ हा शब्द मात्र त्यांना पेलत नाही. तुलनेत कड्यावरची प्रजाती एकच. तिच्यात दहा वेगळेपणं सापडली म्हणून दहा सुटे पुरावे मिळत नाहीत. काही तिच्या पूर्वजांकडूनच, भलत्याच कारणानं आलेली असू शकतात. (नात्यातल्या प्रजाती सुटे पुरावे धरता येत नाहीत, हे फेलसेनस्टाइन यांनी १९८५मध्ये नीट मांडलं. कलन यांच्याकडे ते हत्यार नव्हतं, माझ्याकडे होतं.)

तरी पेपर टिकतो, कारण त्यातलं प्रत्येक विधान दुसऱ्या बेटावर तपासता येतं. जॅक हेलमन यांनी १९६५मध्ये गालापागोसच्या दुभंगलेल्या शेपटीच्या कुरवावर तेच केलं. तोही कड्यांवर घरटी करतो. त्याचे काही गुण किटीवेकसारखे निघाले, काही सरळ जमिनीवरच्यांसारखे. टरफलांचं म्हणाल तर टिनबर्गन आणि सहकाऱ्यांनी १९६२मध्ये काळ्या डोक्याच्या कुरवांबाबत प्रयोगच केला: टरफल जवळ ठेवलेली अंडी जास्त पळवली गेली.

प्रस्तावनेत आता टरफलं ठेवली आहेत, चिखलाचं घरटं काढलंय. पिल्लू ओळखण्याचा परिच्छेद अजून पिवळ्या रंगात आहे.