पैनगंगेकांठचें वाचन

पुस्तकाविषयीं मत देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद मराठींत जुनाच आहे. पंडितांच्या मतें तो साहित्यशास्त्र जाणणाराचा. सामान्य वाचकाच्या मतें पदरचे पैसे खर्चून पुस्तक विकत घेणाराचा. आम्हांस ह्या वादांत पडावयाचें नाहीं. पुस्तक मिटल्यावर ज्याला आपल्या गांवाकडे आणि शेजाऱ्याकडे पूर्वीच्याच नजरेनें पाहतां येत नाहीं, त्यालाही त्या पुस्तकाविषयीं दोन शब्द बोलण्याचा हक्क असावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. त्या हक्कानें गेल्या वर्षांत आम्हांस विशेष आनंद देणाऱ्या पांच पुस्तकांचा परिचय येथें करून देत आहों. त्यांत एक नाटक आहे, एक कादंबरी, एक आत्मचरित्र, एक कवितासंग्रह आणि एक सातशें वर्षांपूर्वींचा गद्यग्रंथ.

आमचें वास्तव्य झरी जामणी तालुक्यांतलें. यवतमाळ जिल्ह्याचा हा टोकाचा मुलूख; पैनगंगा ओलांडली कीं तेलंगणांतील आदिलाबादची हद्द लागते. मुकुटबनाच्या किंवा पाटणच्या बाजारांत उभें राहिलें असतां वऱ्हाडी वळणाची मराठी, तेलुगु, गोंडी आणि कोलामी ह्या चारही भाषा कानीं पडतात. बाहेरच्या वृत्तपत्रांत मात्र आमच्या जिल्ह्याचें नांव बहुधा एकाच कारणानें छापून येतें, आणि तें कारण म्हणजे कर्जापायीं शेतकऱ्यानें केलेला आत्मघात. ती बातमी खोटी आहे असें कोण म्हणेल? परंतु ज्या मुलखाची ओळख एका बातमीपुरती उरली, तेथल्या वाचकाची पुस्तकाकडून अपेक्षा अंमळ वाढते. आपल्याभोंवतीं काय काय आहे हें कोणी तरी पुरतें सांगावें, असें त्यास वाटूं लागतें. म्हणून विदर्भाच्या मातीशीं संबंध असलेलीं पुस्तकें आम्हीं मुद्दाम जवळ केलीं.

पहिला मान श्री. महेश एलकुंचवार ह्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ ह्या नाटकास. नाटककारांचा जन्म आमच्याच जिल्ह्यांतील पारवा गांवचा. नाटक इ. स. १९८५ मध्यें रंगभूमीवर आलें. आम्हीं तें घरीं बसून वाचलें, आणि तें वाचनांतही उभें राहतें असा आमचा अनुभव आहे. धरणगांवच्या देशपांड्यांच्या वाड्यांत तात्याजी निवर्तले आहेत. त्यांच्या दिवसांचा खर्च कोठून करावा ही विवंचना आहे. दारांत नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडला आहे. घरांतल्या सोन्याचा विचार प्रत्येकाच्या मनांत आहे आणि ओंठांवर मात्र कोणाच्या येत नाहीं. शिक्षणाची हौस मनांतच जिरवावी लागलेली प्रभा आणि गड्यासारखा राबणारा चंदू हीं दोघें फार बोलत नाहींत, पण वाचकाचें काळीज हलतें तें त्यांच्यापाशीं. वहिनी रात्रीं घराण्याचे दागिने अंगावर चढविते तो प्रवेश वाचून तिला लोभी म्हणावयास आमची जीभ रेटली नाहीं. एका जन्माची दडपलेली हौस तेथें क्षणभर उजेडांत येते. संवादांवर जगणाऱ्या वाङ्मयप्रकारांत न बोललेल्या गोष्टींना एवढें वजन देणें हें असामान्य कौशल्य होय. ज्या जमिनीवर वाडा उभा राहिला त्या जमिनींत घाम गाळणारीं माणसें मात्र येथें पडद्याआडच राहतात. नाटकाच्या दृष्टीनें तें योग्यच आहे, कारण चिरेबंदी भिंती त्याचसाठीं बांधलेल्या असतात. तरी भिंतीपलीकडे कोण होतें, हा प्रश्न आमच्या मनांत राहिला.

त्या प्रश्नाचें अर्धें उत्तर श्री. सदानंद देशमुख ह्यांच्या ‘बारोमास’ ह्या कादंबरीनें दिलें. इ. स. २००२ मध्यें निघालेल्या ह्या कादंबरीस २००४ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वऱ्हाडांतल्या एका शेतकरी कुटुंबाची ही कथा. थोरला एकनाथ पुष्कळ शिकला. परंतु नोकरी मिळविण्यासाठीं जी रक्कम मोजावी लागते ती घरांत नाहीं, आणि शिक्षणानें शेतींतलें मनही उडालेलें. पत्नी अलका हिला ह्या घरांतली ओढाताण सोसवत नाहीं. बापाचा जीव जमिनींत गुंतलेला, धाकट्या भावाची वाट निराळी. वृत्तपत्र आम्हांस शेतकऱ्याच्या आयुष्यांतला शेवटचा दिवस सांगतें. ही कादंबरी त्या दिवसामागचे बारा महिने सांगते, आणि तिचें नांव सार्थ होतें तें ह्यामुळें. बियाणें, खत, फवारणी, मजुरी आणि अखेर बाजारांत मिळणारा भाव, हा सारा हिशेब लेखक इतक्या बारकाईनें मांडतात कीं, कापसाच्या मुलखांत आयुष्य काढूनही आम्हांस तो नव्यानें कळला. दोष दाखवावयाचा तर पात्रांच्या तोंडच्या चर्चा कांहीं ठिकाणीं व्याख्यानासारख्या लांबतात. शिवाय अलका आम्हांस बहुधा तिच्या नवऱ्याच्या बाजूनेंच दिसते. तिची फिर्याद तिच्या तोंडून सविस्तर ऐकावयास मिळाली असती तर बरें झालें असतें.

शेताचा बांध संपला कीं रान लागतें. त्या रानांत हात धरून नेणारें पुस्तक म्हणजे मारुती चितमपल्ली ह्यांचें २००५ सालचें आत्मचरित्र ‘चकवाचांदण’. जून २०२५ मध्यें चितमपल्ली निवर्तले, आणि त्या निमित्तानें आम्हीं हा ग्रंथ पुन्हां हातीं घेतला. ते मूळचे सोलापूरचे. परंतु वनखात्याच्या नोकरींत नवेगांव, नागझिरा, मेळघाट ह्या अरण्यांशीं त्यांचें नातें जडलें. आत्मचरित्र म्हटलें कीं मानापमानाच्या जमाखर्चाची भीति वाटते. येथें लेखक स्वतःविषयीं बोलतां बोलतां झाडापाखरांकडे वळतात आणि वाचकाला तें वळण सुखावह वाटतें. त्यांचा मोठा गुण हा कीं, पाखराचें नांव ज्याला ठाऊक आहे त्याच्यापाशीं, मग तो कोळी असो, गुराखी असो कीं आदिवासी असो, ते शिष्यासारखे बसतात. मुलाबाळांच्या घरांत हें पुस्तक मोठ्यानें वाचावें. आमच्या घरच्या मुलांनीं त्यानंतर एक वही केली असून तींत भोंवतालच्या पाखरांचीं नांवें तीं विचारून विचारून लिहितात. एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. रानांतला माणूस ह्या ग्रंथांत जाणकार म्हणून भेटतो, वाटाड्या म्हणून भेटतो. त्याच्या घरचें दुःख आणि त्याचा राग ह्यांची गांठ त्यामानानें कमी पडते.

तो राग भुजंग मेश्राम ह्यांच्या ‘उलगुलान’ ह्या १९९० सालच्या कवितासंग्रहांत आहे. बिरसा मुंडा ह्यांच्या उठावाची आठवण नांवांतच घेऊन येणारा हा संग्रह आमच्याच जिल्ह्यांतल्या एका आदिवासी कवीचा आहे. सुखानें वाचावयाचा हा संग्रह नव्हे. गोंडी व इतर बोलींतले शब्द ते मराठी कवितेंत सोंवळें-ओंवळें न मानतां आणून बसवितात, आणि अर्थ न कळल्यामुळें वाचक पदोपदीं अडतो. प्रथम आम्हीं त्रासलों. पुढें ध्यानांत आलें कीं, ज्या माणसाला शाळेंत, कचेरींत आणि बाजारांत आयुष्यभर परक्या शब्दांपाशीं अडावें लागलें, त्याची स्थिति कवि आम्हांस चार घटका भोगावयास लावीत आहे. सगळ्याच कविता सारख्या उतरल्या आहेत असें नव्हे. कांहींत घोषणेचा आवाज कवितेहून मोठा होतो. तथापि चितमपल्लींच्या ग्रंथानंतर हा संग्रह वाचावा, अशी आमची शिफारस आहे. एकच रान दोन्ही बाजूंनीं पाहिल्याचें समाधान त्यांत आहे.

शेवटचें पुस्तक सर्वांत जुनें. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रचिलेलें ‘लीळाचरित्र’ हें मराठी गद्याचें आद्य लेणें, आणि त्याचें स्थान वऱ्हाडांतलें ऋद्धिपूर. महानुभावीय वाङ्मयाच्या संशोधनांत यवतमाळच्या य. खु. देशपांडे ह्यांनीं केलेलें कार्य आमच्या जिल्ह्यास भूषणावह आहे. आम्हीं वाचली ती डॉ. वि. भि. कोलते ह्यांनीं संपादिलेली १९७८ सालची प्रत. २०२४ च्या ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हां ह्या ग्रंथाचें नांव पुष्कळांनीं घेतलें. वाचला किती जणांनीं, हें विचारूं नये. भाषा आरंभीं कठीण वाटते, पण प्रसंग लहान लहान असल्यामुळें रोज दोन-तीन लीळा सहज होतात. चक्रधर चालत आहेत, कोणी भेटतें, कोणी प्रश्न विचारतें, महदाइसा तर विचारून विचारून पिच्छा पुरविते. आणि साऱ्याची नोंद साध्या बोलण्यासारखी. ज्यांनीं चक्रधरांस पाहिलें-ऐकिलें त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनीं एकेक आठवण गोळा केली. ग्रंथाचें सारें बळ ह्या पायपिटींत आहे.

हीं पांचही पुस्तकें आनंदानें वाचून झाल्यावर आमच्या कपाटांतली एक मोकळी जागा आम्हांस दिसूं लागली. आमच्या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रांतल्या ज्या तीन जमाती सरकारदप्तरीं विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत कातकरी व माडिया गोंड ह्यांच्याबरोबर कोलामांचें नांव आहे. त्यांच्या हातच्या बांबूच्या टोपल्या आमच्या घरांत आहेत. त्यांच्या भाषेंतला एक शब्दही आमच्या कपाटांत नाहीं. त्याच कोलामीचें व्याकरण कॅलिफोर्निया विद्यापीठांतले मरे एमेनो ह्यांनीं १९५५ मध्यें प्रसिद्ध केलें. सातासमुद्रांपलीकडच्या पंडिताला जी भाषा ऐकाविशी वाटली, ती आठवड्याच्या बाजारांत आमच्या कानांवरून नुसती वाहून जाते. वाड्याच्या भिंतीपलीकडे कोण होतें, असें आम्ही नाटककारास विचारीत होतों. तोच प्रश्न आमच्या घरास लागू पडतो.

निरनिराळ्या प्रकारांचीं पुस्तकें वाचावींत, असें आम्ही म्हणतों तें ह्याच कारणानें. नाटकानें जें दडविलें तें कादंबरींत सांपडतें, आत्मचरित्रांतून जें निसटलें तें कवितेंत, आणि सगळ्यांतून जें राहून गेलें तेंही सगळीं शेजारीं शेजारीं ठेवल्यावांचून दिसत नाहीं. सुशिक्षित कुटुंबांनीं वर्षाच्या पुस्तकखरेदींत नाटक, कविता व जुनें गद्य ह्यांस नियमानें जागा द्यावी. आणि घरांत लिहितां हात असलेलें तरुण माणूस असेल तर त्यास म्हाइंभटांचा मार्ग दाखवावा. पोडावरचीं जाणतीं माणसें अद्याप बोलत आहेत. त्यांच्याकडे जावें, अनुमति घेऊन बसावें, आणि तीं सांगतील तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. तसें पुस्तक निघेल तेव्हां त्याची पहिली प्रत झरी जामणींत विकली जाईल, एवढें आश्वासन आम्ही आजच देऊन ठेवितों.