हांक आणि वाढ

पैठणचा बाल एकनाथ घर सोडून देवगिरीस जनार्दनस्वामींच्या चरणांपाशीं गेला, ही कथा छत्रपति संभाजीनगराच्या परिसरांत कोणास ठाऊक नाहीं? शिष्यत्व म्हणजे घर सोडणें, ही आपली समजूत अशाच कथांनीं घडविली आहे. पण सोडलेल्या घरांत मागें राहतात त्यांचें काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मराठींत तें विचारलें लक्ष्मीबाई टिळकांनीं. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ विनोदासाठीं पुष्कळ वाचलीं जातात; तीं ख्रिस्ती शिष्यत्वाचा ग्रंथ म्हणूनहि वाचावींत, असें आम्हांस वाटतें.

नारायण वामन टिळकांस हांक आली ती प्रवासांत. राजनांदगांवीं जातांना आगगाडींतील एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस बायबल दिलें. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. त्यांच्या पुष्कळ अभंगांत प्रभु व दास या दोघांवांचून तिसऱ्यास फारसा ठाव नाहीं. पत्नीस मात्र या बाप्तिस्म्याची वार्ता मागाहून कळली!

येथें ‘स्मृतिचित्रां’चें खरें मोल दिसतें. ताटातुटीचीं वर्षें सोसून लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या आपलें सोंवळें घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. पुढें, माणसांतील उच्चनीच भेद देवाचा कीं माणसाचा, या एका विचारानें तें सोंवळें गळून पडलें. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. म्हणजे आचार आधीं पालटला, विधि मागाहून आला. श्रद्धेची ही वाढ त्या साक्षात्काराच्या भाषेंत सांगत नाहींत. पाण्याच्या घोटानें मोजतात.

ग्रंथांत उणें नाहीं असें नव्हे. प्रार्थना, पापबोध, ख्रिस्ताचें सान्निध्य यांविषयीं बाई फार थोडें बोलतात. दुःख असह्य होऊं लागलें कीं विनोद पुढें करितात. परंतु पतीच्या हांकेस त्या खोटी म्हणत नाहींत, आणि तिचा चुकता केलेला हिशेबहि लपवीत नाहींत. भक्तिपर वाङ्मयांत असा प्रामाणिकपणा दुर्मिळच.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसहि स्थान होतें. १९१९ मध्यें ते वारले, तेव्हां ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य अपुरें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पूर्णतेस नेलें.

एकनाथांच्या कथेचा उत्तरार्धहि आपण विसरतों. गुरूच्या आज्ञेनें ते पैठणास परतले आणि गृहस्थ झाले. हांक घराबाहेर ऐकूं येत असेल. ती खरी होती कीं नाहीं, याची परीक्षा मात्र घरांतच होते.