कमाठीबागेतले पाच तास

बडोद्याच्या संग्रहालयाविषयी लिहिले जाते ते बहुधा सयाजीराव गायकवाडांच्या रसिकतेचे कौतुक असते. ते कौतुक खोटे नाही. १८९४ साली कमाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, संग्रहालयाची इमारत पुरी झाली. शेजारच्या चित्रशाळेसाठी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडून युरोपीय चित्रे निवडून घेतली गेली. महायुद्धामुळे रखडलेली ती चित्रशाळा १९२१ साली खुली झाली. आज तिथे इजिप्तची ममी आहे, अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती आहेत, पेंढा भरलेली जनावरे आहेत आणि १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडाही.

परंतु आपण या बागेत शिरतो ते वेगळ्या दाराने. १९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार संस्थानची नोकरी करायला १९१७ साली ते बडोद्यात आले, आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव घेऊन विश्रामगृहात काढलेले दिवस, लाठ्या घेऊन आलेला पारशांचा घोळका, एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडून हाती आलेली निराशा, हे सारे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. मधले पाच तास त्यांनी कमाठीबागेत काढले. संग्रहालय तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. प्राणिशास्त्राच्या दालनात जात ओळखायची ती दात, खूर, पिसे, हाडे पाहून. बागेबाहेरच्या शहरात माणसाची जात अशी ओळखताच येत नव्हती. शरीरावर तिची एकही खूण नव्हती; म्हणून तर नाव बदलताच खोली मिळाली, आणि खरे नाव कळताच गेली. संग्रहालयाच्या शास्त्राने हे तपासले असते तर जातिव्यवस्थेचा सारा डोलारा त्याच कपाटांपुढे उघडा पडला असता. पण ते शास्त्र वाघ आणि देवमाशापाशीच थांबले. प्रेताला शिवल्याचा विटाळ मानणाऱ्या समाजाला परक्या मुलखातले प्रेत काचेआड पाहायला चालते. न्यूयॉर्कहून शिकून आलेला जिवंत माणूस मात्र शेजारी चालत नाही!

सयाजीरावांना यात दोषी धरणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा, १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा हा राजा. पण राजाच्या तिजोरीतून युरोपची चित्रे आणता आली, एक भाड्याची खोली आणता आली नाही. प्रबोधन वरून उतरते असे मानणाऱ्या आपल्या विद्वानांनी या हिशेबाकडे एकदा नीट पाहावे.

२०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने बडोद्यातील ‘संकल्पभूमी’चा वड राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवण्याची शिफारस केली. ते योग्यच झाले. मात्र बाबासाहेबांच्या त्या लेखात संकल्पापेक्षा अश्रू आहेत, आईवडिलांची आठवण आहे. स्मारकाला संकल्प सोयीचा वाटतो. अश्रूंबरोबर ते काढायला लावणाऱ्यांचीही नोंद करावी लागते. ती नोंद नुसती वडाखाली नको. ती प्राणिशास्त्राच्या दालनात हवी, जातींच्या पाट्यांच्या रांगेत.