कोळशाच्या व्यक्तिचित्रातील ‘छाया’ : एका संज्ञेचा विचार

‘छायाप्रकाश’ हा सामासिक शब्द आपल्या चित्रसमीक्षेत इतका रूढ झाला आहे की, त्याच्या दोन्ही पदांचा दर्जा समान आहे असे आपण न तपासताच गृहीत धरतो. तैलचित्राच्या बाबतीत हे गृहीत निभावते. कारण तेथे चित्रकारापाशी पांढरा रंगही असतो आणि काळाही. कोळशाच्या व्यक्तिचित्रात मात्र ते टिकत नाही. तेथे हाती असते ती केवळ काळोखाची सामग्री. उजेड काढावयाचा नसतो, राखावयाचा असतो. कागद जेथे मोकळा सोडला, अथवा मऊ पावाने किंवा खोडरबराने जेथे कोळसा उचलून घेतला, तेथेच कपाळ वा नाकाचा शेंडा उजळतो.

भाषाविज्ञानातील एक भेद येथे उपयोगी पडेल. त्रुबेत्स्कोय याने ध्वनींमधील विरोधाचा विचार करताना चिन्हित व अचिन्हित असे दोन घटक मानले. ‘प’ आणि ‘फ’ यांपैकी महाप्राणत्वाचे चिन्ह ‘फ’पाशी असते, ‘प’ त्या चिन्हाच्या अभावाने ओळखला जातो. निसर्गात प्रकाश हे अस्तित्व व छाया हा त्याचा अभाव; कोळसाचित्रात हा संबंध उलटतो. छाया चिन्हित होते, प्रकाश अचिन्हित राहतो.

परंतु यावरून कोळशाची प्रत्येक खूण ही छायाच, आणि छाया म्हणजे विषाद, असे अनुमान काढणे युक्त नव्हे. केटे कोलवित्स यांचे १९३३ मधील आत्मचित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधील या चित्रात त्यांनी स्वतःला एका बाजूने, चित्र काढीत असताना, दाखविले आहे. कागद तपकिरी असल्यामुळे प्रकाशही मंद आहे. चेहऱ्यावरील कोळसा संयमाने लावलेला असून त्यामुळे मस्तकाला घनत्व येते. खांद्यापासून हातापर्यंत मात्र रुंद, मागेपुढे धावणारे फटकारे आहेत. त्यांनी बाहूला गोलाई येत नाही. कोणत्याही दिशेच्या उजेडाशी त्यांचा संबंध लावता येत नाही. ते काळे आहेत, पण छाया नाहीत. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे चेहरा नाम आहे आणि बाहू क्रियापद.

कोलवित्स यांचा पुत्र १९१४ मध्ये महायुद्धात मारला गेला. १९३३ च्या फेब्रुवारीत त्यांना प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडणे भाग पाडण्यात आले. त्यांच्या चित्रांतील काळ्या रंगात समीक्षकांना शोक दिसावा, हे स्वाभाविक आहे. तो शोक नाकारण्याचे कारणही नाही. तथापि काळ्या रंगाला हा एकच अर्थ चिकटविला की प्रस्तुत चित्रातील मुख्य गोष्ट निसटते : ज्या वर्षी त्यांचे सार्वजनिक स्थान हिरावले गेले, त्याच वर्षी त्यांनी स्वतःला रेखाटले ते काम करीत असताना. आणि चित्रातील सर्वांत जोरकस फटकारे त्या कामाला दिले.

म्हणून कोळसाचित्राच्या समीक्षेत काळ्याचे निदान तीन व्यापार वेगळे ओळखावेत : आकाराला घनत्व देणारी छाया, एका वस्तूची दुसरीवर पडणारी पडछाया, आणि हाताच्या गतीची खूण असलेला फटकारा. तिन्ही शब्द मराठीत आहेतच. त्यांच्यातील भेद न पाळल्यास चित्रकर्त्रीचे कर्तृत्व तिच्या दुःखाच्या खाती जमा होते. हा केवळ परिभाषेचा दोष नव्हे. तो चित्रावर केलेला अन्याय आहे.