अपेक्षाभंगाची समीक्षा : ‘शोले’ आणि त्याचे तीन न्यायाधीश

एखादा चित्रपट ‘निराशाजनक’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते विधान चित्रपटाविषयी असते की पाहणाऱ्याच्या अपेक्षेविषयी, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. वाङ्मयाच्या क्षेत्रात हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने कलाकृतीकडे येत नाही. आधी वाचलेल्या कृतींनी, परिचित प्रकारांनी आणि प्रचलित संकेतांनी त्याची एक चौकट तयार झालेली असते, आणि नवी कृती तिच्याशी जुळते किंवा तिला छेद देते. आस्वाद, उपेक्षा आणि अपेक्षाभंग या तिन्ही गोष्टी त्या जुळण्या-न जुळण्यातून निर्माण होतात. लोकप्रिय चित्रपटाच्या संदर्भात या संकल्पनेची कसोटी पाहावयाची झाल्यास ‘शोले’ (१९७५) इतके बोलके उदाहरण भारतात दुसरे सापडणे कठीण आहे.

१.

‘शोले’चे रामगढ नकाशावर नाही. ते उभे राहिले बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर, बंगळूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावरील रामनगरच्या परिसरात. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेथे चित्रीकरण सुरू झाले तेव्हा राज्याचे नाव म्हैसूर होते. १ नोव्हेंबर १९७३ रोजी ते कर्नाटक झाले. रेशमाच्या कोषांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या अवतीभवती ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा आणि उघडेबोडके डोंगर आहेत. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी त्यांच्या पायथ्याशी एक अख्खे खेडे वसवले आणि छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी ते ७० मि.मी.च्या भव्य पडद्यासाठी टिपले.

हे स्थळ निवडण्यातच जुन्या संकेताचा भंग होता. हिंदी डाकूपटाचा भूगोल तोवर बव्हंशी उत्तरेचा, चंबळच्या घळींचा होता. ‘मुझे जीने दो’ (१९६३) पाहिलेल्या प्रेक्षकाला डाकू म्हणजे तो मातीचा, वळणावळणाचा प्रदेश हे समीकरण परिचित होते. गब्बरसिंग हे नावही १९५०च्या दशकात ग्वाल्हेरच्या बाजूला दहशत माजवणाऱ्या एका खऱ्या डाकूचे होते. म्हणजे नाव चंबळचे, बोली खडीबोली आणि अवधी यांच्या मिश्रणाची आणि कातळ कर्नाटकाचा. अशा रीतीने कोणत्याही एका प्रदेशाचा नसलेला प्रदेश येथे निर्माण झाला. सर्जिओ लिओने याने अमेरिकेचा सरहद्दप्रांत स्पेनमधील अल्मेरियाच्या माळरानावर उभा केला होता, त्याच जातीची ही कृती होती.

‘स्पॅगेटी वेस्टर्न’ हे नाव मुळात हिणवण्यासाठीच रूढ झाले. अमेरिकनांचा प्रकार इटालियनांनी हाताळावा यातील उपहास त्यात एका खाद्यपदार्थाच्या नावाने व्यक्त झाला आहे. पुढे ‘शोले’ला ‘करी वेस्टर्न’ म्हटले गेले, तेव्हा तोच उपहास एक पायरी आणखी खाली उतरला. नकलेची नक्कल, असा त्याचा ध्वन्यर्थ होता.

२.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ मुंबईत प्रदर्शित झाला. सुमारे तीन कोटी रुपयांचा खर्च, अडीच वर्षांचा निर्मितिकाल आणि नामवंत नटसंच यांमुळे अपेक्षा अफाट होत्या. पहिल्या पंधरवड्याचे मत मात्र प्रतिकूल होते. व्यवसायाच्या पत्रांनी चित्रपट कोसळल्याचे जाहीर केले. ‘इंडिया टुडे’च्या समीक्षकाने नावातील ठिणग्यांवर कोटी करून त्याला विझलेल्या निखाऱ्याची उपमा दिली. ‘फिल्मफेअर’चा आक्षेप अधिक मूलगामी होता : पाश्चात्त्य शैलीचे भारतीय वातावरणात केलेले हे कलम जगलेले नाही, त्यामुळे चित्रपट धड इकडचा नाही आणि धड तिकडचाही नाही.

या समीक्षकांना आज हसणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. त्यांनी जे पाहिले ते पडद्यावर होतेच. बलदेवसिंगाच्या कुटुंबाची हत्या पाहताना लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) मधील शेतघरावरील हत्याकांड आठवल्यावाचून राहत नाही. गावाच्या रक्षणासाठी बाहेरची माणसे मोलाने आणण्याची कल्पना कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) पर्यंत मागे जाते. देशी परंपरेतही ‘मेरा गाँव मेरा देश’ (१९७१) आणि बंगळूरातच जन्मलेल्या फिरोज खानचा ‘खोटे सिक्के’ (१९७४) हे चित्रपट नुकतेच येऊन गेले होते. ज्याला मूळ ठाऊक आहे त्याला अनुकृती निस्तेज वाटावी, हे त्याच्या क्षितिजाला धरूनच होते.

चूक झाली ती साम्य ओळखण्यात नव्हे, साम्यापाशी थांबण्यात. एक उदाहरण पुरेसे ठरावे. लिओनेच्या चित्रपटात नायकाचा माउथ ऑर्गन हा सूडाच्या स्मृतीचा वाहक आहे. भावाच्या हत्येच्या क्षणी तो त्याच्या तोंडात कोंबला गेला होता आणि अखेरीस तोच तो मारेकऱ्याच्या तोंडात कोंबतो. ‘शोले’तील जयच्या हातीही माउथ ऑर्गन आहे. तेथे तो तिन्हीसांजेला अंगणातून वरच्या सज्जाकडे जातो, दिवे मालवणाऱ्या विधवा राधेकडे. जे बोलता येत नाही ते बोलण्याचे ते एकमेव साधन आहे. वाद्य तेच आहे. परंतु रौद्राच्या जागी विप्रलंभ आणि करुण आले आहेत. उसनवारीची यादी करणाऱ्याला हा फरक दिसत नाही, कारण यादीत दोन्ही नोंदी एकाच शब्दाने होतात.

मूळ कल्पनाही येथे लक्षात घ्यावयास हवी. सलीम-जावेद यांच्या पहिल्या आराखड्यात ठाकूर हा लष्करी अधिकारी होता आणि त्याने आणलेले दोघे माजी सैनिक होते. लष्करी प्रसंगांच्या चित्रीकरणास परवानगी मिळणे अवघड जाईल म्हणून तो पोलीस अधिकारी झाला आणि सैनिक भुरटे चोर झाले. जो चित्रपट अंशतः युद्धपट व्हावयाचा होता त्याचे अवशेष रेल्वेवरील हल्ल्यात, टेकड्यांवरील मोर्चेबंदीत आणि ठाकूरच्या हुकमी भाषेत उरले आहेत. मात्र सैनिकाचे कर्तव्य जाऊन तेथे चोराची निवड आली. जय-वीरूला कोणी लढावयास बांधलेले नाही. ते मोलाने येतात आणि पुढे मोल नाकारून थांबतात. चित्रपटाचा नैतिक गाभा या बदलात आहे, आणि तो एका प्रशासकीय अडचणीतून आला आहे.

३.

दुसरा न्यायाधीश म्हणजे प्रेक्षक. त्याचे मतही प्रारंभी चुकीचे वाचले गेले. पहिल्या आठवड्यात चित्रगृहांत हशा, टाळ्या, शिट्ट्या यांचा अपेक्षित गजर नव्हता आणि ही शांतता नापसंतीची खूण मानली गेली. जयला जिवंत ठेवून शेवट नव्याने चित्रित करावा, इथवर विचार झाला. अनुपमा चोप्रा यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या दिवसांचा वृत्तान्त दिला आहे. एका चित्रगृहाच्या मालकाने दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना धीर दिला, तो खाद्यपेयांच्या घटलेल्या विक्रीच्या आधारे : लोक जागचे उठत नाहीत, म्हणून विक्री होत नाही. शांतता कंटाळ्याची नव्हती. स्तिमित झाल्याची होती.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंडी प्रसिद्धीने चित्र पालटले. ऑक्टोबर १९७५ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश, बंगाल, हैदराबाद इत्यादी विभागांत प्रदर्शन झाले, तोवर निवाडा फिरला होता. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. येथे एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांना आरंभी उठाव नव्हता. उठाव आला तो संवादांची ध्वनिमुद्रिका निघाल्यावर. प्रेक्षकांनी हा चित्रपट पाहिला तितकाच तो ऐकला, पाठ केला आणि परस्परांना म्हणून दाखवला. समीक्षकांची तुलना दृश्यांची होती. लोकांचा आस्वाद मात्र श्रवणाचा होता. आख्यान, तमाशातील बतावणी, रामलीला ऐकत आलेल्या समाजाला संवाद पाठ होणे हे कलाकृती स्वीकारल्याचे लक्षण वाटते. विजू खोटे यांच्या वाट्याला आलेली कालियाची भूमिका काही मिनिटांची आहे. ती लोकांच्या तोंडी अर्धशतक टिकली, याचे कारण हेच.

समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर पुरस्कारांतही दिसते. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शोले’ला एकच सन्मान मिळाला, तो संकलनासाठी माधव शिंदे यांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘दीवार’कडे गेला. पुढे २००५ साली त्याच पुरस्कारांच्या पन्नासाव्या सोहळ्यात पन्नास वर्षांतील सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून ‘शोले’चा गौरव झाला. हे मतपरिवर्तन मनाचा मोठेपणा दर्शवते, हे खरे. पण त्यामागे समीक्षेची शरणागतीही आहे. कारण लोकप्रियतेच्या पुरात पहिल्या समीक्षकांचे चुकीचे आक्षेप वाहून गेले, तसे विचारावयाचे राहिलेले योग्य प्रश्नही वाहून गेले. राधेच्या पुनर्विवाहास दोन्ही घरांचे वडीलधारे संमती देतात आणि लगोलग कथा जयचा बळी घेते, खिडकी मिटते. रामगढात ठाकूरच्या हवेलीवाचून दुसरी सत्ता नाही. पंचायत नाही, शेतीचा प्रश्न नाही. हे प्रश्न यशाने खोटे ठरत नाहीत. किती लोकांनी पाहिले हे तिकीटबारी सांगते. काय पाहिले हे सांगण्याचे काम समीक्षेचेच राहते.

४.

या दोघांच्या आधी एका तिसऱ्या न्यायाधीशाने आपला निर्णय दिला होता. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ‘शोले’ प्रदर्शित झाला. मूळ चित्रपटात हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांखाली गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे सेन्सॉरला मान्य झाले नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला : ऐन क्षणी पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो. ज्या पोलिसांचा तोवर रामगढच्या संरक्षणात काही वाटा नव्हता, ते अखेरच्या क्षणी कायद्याचे माहात्म्य सांगण्यापुरते अवतरतात.

याचा अर्थ असा की, समीक्षकाची निराशा आणि प्रेक्षकाचा आनंद या दोन्ही प्रतिक्रिया ज्या कृतीविषयी होत्या तिचा शेवट कर्त्यांचा नव्हता. सूडकथेची सारी रचना एका कृत्याकडे वाटचाल करते आणि ते कृत्यच काढून घेतले जाते. जयचा मृत्यू बदलावा की नाही याची चर्चा झाली, कारण तेथे मतांतर शक्य होते. गब्बरच्या शेवटाबाबत मत विचारण्याची सोयच नव्हती. प्रेक्षकमताचा अभ्यास करताना हा भेद नजरेआड होता कामा नये. प्रेक्षकाला काय आवडले हे विचारण्यापूर्वी, त्याला काय पाहू दिले गेले हे विचारावे लागते.

लिओनेच्या चित्रपटाची कहाणीही याहून फार निराळी नाही. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ अमेरिकेत कापून आखूड करण्यात आला, तरी तो चालला नाही. फ्रान्समध्ये मात्र त्याला अलोट प्रेक्षक लाभला. दोन्ही ठिकाणी पहिले मत हे अंतिम मत ठरले नाही, आणि दोन्ही ठिकाणी मत ज्यावर दिले गेले ती प्रत अबाधित नव्हती.

जून २०२५ मध्ये मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेला ‘शोले’ बोलोन्या येथील महोत्सवात दाखवला गेला. इटालियन वेस्टर्नची नक्कल म्हणून ज्याला हिणवले गेले तो चित्रपट, आपल्या मूळ रूपात, इटलीतील एका शहराच्या चौकात खुल्या पडद्यावर प्रकटला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १९७५ साली जे मत देणे कोणालाच शक्य नव्हते, ते देण्याचा अधिकार त्या रात्रीच्या प्रेक्षकांना पन्नास वर्षांनी मिळाला. रामनगरच्या कातळांवर आता गिधाडांचे संरक्षित क्षेत्र आहे आणि येडेकरांनी वसवलेले खेडे केव्हाच नाहीसे झाले आहे. खटला मात्र अजून मिटलेला नाही. समीक्षेने पहिल्या पंधरवड्याच्या निराशेची लाज बाळगण्याचे कारण नाही आणि पाच वर्षांच्या गर्दीपुढे मौन पत्करण्याचेही कारण नाही. तिच्यापुढील काम पहिल्या दिवशी होते तेच आजही आहे : जे पडद्यावर आहे, आणि जे पडद्यावरून काढले गेले, ते दोन्ही नीट पाहणे.