कोयनेचा ०.६३: एका आकड्याने किती सांगावं?

भूकंप-अभियांत्रिकीत संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात पीजीए भेटतो, म्हणजे जमिनीचं कमाल त्वरण. आपल्याकडे त्याचं ठरलेलं उदाहरण कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथल्या यंत्रात ०.६३ जी नोंदला गेला. धरणाचं डिझाइन ०.०५ जी धरून केलेलं. मग पुढचं वाक्य येतंच: 'बारापट हादरा बसला, म्हणून तडे गेले.'

हे वाक्य मला पटत नाही. एक तर ०.६३ हा धरणाच्या लांबीच्या दिशेतला आकडा. भिंतीला प्रवाहाच्या दिशेत वाकवणारं त्वरण ०.४९ जी होतं. शिवाय यंत्र मोकळ्या जमिनीवर नव्हतंच, धरणाच्याच गॅलरीत होतं!

पण खरी गफलत भागाकारात आहे. ०.०५ हा भिंतीवर स्थिर बल लावण्यासाठी धरलेला गुणांक, तर कमाल त्वरण क्षणभराचं. ते टोक एकदाच आलं की पुन्हापुन्हा, हादरे किती सेकंद चालले, हेलकावे जलद होते की संथ, यातलं पीजीए काहीच सांगत नाही. धरणाचा स्वतःचा डोलण्याचा काळ साधारण एक तृतीयांश सेकंद. त्या काळाला नोंदीत किती जोर आहे, ते महत्त्वाचं. चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये नोंद वापरून ताण काढले, तेव्हा ते साचलेले दिसले ते भिंतीचा उतार एकदम बदलतो तिथे. तडेही त्याच भागात होते.

उलट बाजू बघा. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला सुमारे ०.५ जी नोंदला, नुकसान मामुली. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत तळ्याच्या मऊ गाळावर जेमतेम ०.१७ जी. पण हेलकावे दोन सेकंदांचे आणि लांबलेले, त्यामुळे मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या.

आमच्या अष्टमीत कुंडलिकेकाठी एक बैठं कौलारू घर आणि एक उंच पाण्याची टाकी शेजारीशेजारी आहेत असं समजा. दोन्हींसाठी पीजीए एकच. घर जलद हेलकाव्यांना घाबरेल, टाकी संथ हेलकाव्यांना.

म्हणून पीजीए टाकून द्या असं मी म्हणत नाही. ताठ, बुटक्या बांधकामांसाठी तो बरा चालतो. पण धरणाच्या अभ्यासात नोंदी नुसत्या पीजीएवरून लहानमोठ्या करून घेणार असाल, तर आधी कोयनेच्या नोंदीचा प्रतिसाद वर्णपट काढा. दोन्ही आडव्या दिशांचा, वेगवेगळा. ०.३३ सेकंदापाशी काय दिसतं ते बघा, मग गाईडकडे जा.