‘आम्ही’ की ‘आपण’? : अफगाणिस्तान पुनर्रचनेवरील एका अमेरिकी अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना

विदेशी साहाय्याचा पैसा दात्या देशाच्या करदात्यांचा असतो; मात्र तो अशा भूमीवर खर्ची पडतो, जिथे त्या करदात्याची नजर पोहोचत नाही. ज्यांच्या नावाने तो खर्च होतो त्यांना दात्या देशात मताधिकार नसतो. त्यामुळे या खर्चावर शासकीय देखरेख कोणी ठेवावी व ती कोणाला उत्तरदायी असावी, हा लोकप्रशासनातील मूलभूत प्रश्न ठरतो. या दृष्टीने अमेरिकेच्या अफगाणिस्तान पुनर्रचना विशेष महानिरीक्षक कार्यालयाने, म्हणजेच ‘सिगार’ने, ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘व्हॉट वुई नीड टु लर्न’ हा अहवाल लक्षणीय आहे. प्रस्तुत लेखात या अहवालाची बलस्थाने व मर्यादा तपासल्या आहेत.

अहवालाचे स्वरूप

अमेरिकी काँग्रेसने २००८ मध्ये कायद्याद्वारे ‘सिगार’ची स्थापना केली. हे कार्यालय लेखापरीक्षण व चौकशी करून दर तिमाहीस काँग्रेसला अहवाल सादर करीत असे. २०१२ पासून जॉन सोप्को हे त्याचे प्रमुख होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले आणि त्याच आठवड्यात प्रस्तुत अहवाल प्रकाशित झाला. वीस वर्षांत पुनर्रचनेवर झालेल्या सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्चाचा ताळेबंद मांडून त्यातून सात धडे काढले आहेत. धोरण, कालमर्यादा, टिकाऊपणा, मनुष्यबळ, स्थानिक संदर्भ, सुरक्षितता आणि देखरेख व मूल्यमापन हे त्यांचे विषय होत.

बलस्थाने

शासनाच्याच एका कार्यालयाने शासनाच्या अपयशाची इतकी सविस्तर नोंद करावी, ही बाब दुर्मीळ आहे. अहवालामागे ‘सिगार’ची अनेक वर्षांची तपासणी उभी आहे. काबूलजवळील ताराखिल येथे सुमारे ३३ कोटी ५० लाख डॉलर खर्चून वीजकेंद्र उभारले गेले. पण ते डिझेलवर चालणारे होते व उझबेकिस्तानातून येणारी वीज त्याहून स्वस्त पडत असल्याने ते बहुतांशी बंदच राहिले. अफगाण हवाई दलासाठी सुमारे ५० कोटी डॉलरच्या कार्यक्रमातून २० मालवाहू विमाने आणली गेली. त्यांपैकी १६ विमाने अवघ्या काही हजार डॉलरना भंगारात निघाली. ज्या देशाच्या भूमीपैकी केवळ दोन टक्क्यांच्या आसपास वनाच्छादित आहे, तेथील सैनिकांना जंगलातील छलावरणाचे गणवेश पुरविले गेले. अशा अनुभवांवरून अहवाल एक मार्मिक निष्कर्ष काढतो : किती शाळा बांधल्या, किती शिपाई प्रशिक्षित केले याचे मोजमाप झाले, त्यातून काय साधले याचे झाले नाही. पैसा खर्ची पडणे हेच यशाचे गमक ठरले.

मर्यादा

तथापि अहवालाच्या मर्यादाही तितक्याच बोलक्या आहेत. पहिली मर्यादा देखरेखीच्या अधिकाराची आहे. ‘सिगार’ला दोष दाखविता येत होते, खर्च थांबविता येत नव्हता. शिवाय ज्यांची तपासणी करावयाची त्यांच्याच माहितीवर ते अवलंबून होते. कोणते जिल्हे कोणाच्या नियंत्रणात आहेत याचे मूल्यांकन लष्कराने बंद केले असल्याचे ‘सिगार’च्या २०१९ मधील तिमाही अहवालातच नमूद आहे.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. याच कार्यालयाने घेतलेल्या मुलाखतींत अनेक अधिकाऱ्यांनी युद्धाच्या हेतूविषयीच तीव्र शंका व्यक्त केल्या होत्या. त्या मुलाखती ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने न्यायालयीन लढ्यानंतर मिळविल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्या जनतेसमोर आल्या. कार्यालयाच्या स्वतःच्या प्रकाशनांत मात्र ही धार बोथट झालेली दिसते. ‘धडा’ हा शब्दच येथे तपासून पाहण्याजोगा आहे. धडा शिकणाऱ्याकडे सहानुभूतीने पाहिले जाते. दोष असणाऱ्याला जाब विचारला जातो. सात धड्यांच्या मांडणीत उत्तरदायित्वाचा प्रश्न मागे पडतो.

तिसरी व सर्वांत मूलगामी मर्यादा शीर्षकातच आहे. इंग्रजीतील ‘वुई’ या सर्वनामात कोण सामावले आहे हे कळत नाही. मराठीत भाषांतर करू जाता ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून एकाची निवड करावीच लागते. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावतो, ‘आम्ही’तून तो वगळला जातो. अहवाल अफगाण जीवितहानीची दखल घेतो, अफगाण व्यक्तींच्या मुलाखतींचा आधारही घेतो. पण त्यातील धडे भविष्यात अन्यत्र हस्तक्षेप करणाऱ्या अमेरिकी यंत्रणेसाठी आहेत. अफगाण नागरिक येथे पुरावा आहे, फिर्यादी नाही. म्हणजेच हा ‘वुई’ निःसंशय ‘आम्ही’ आहे.

अमेरिकी काँग्रेसला उत्तरदायी असलेल्या कार्यालयाने अमेरिकी जनतेसाठीच लिहावे हे स्वाभाविक नाही काय, असा आक्षेप येथे घेता येईल. कायद्याच्या दृष्टीने तो रास्तही आहे. परंतु साहाय्याचा मोठा भाग अफगाण अर्थसंकल्पाबाहेरून खर्च होत असल्याने त्यावर अफगाण संसदेचे वा तेथील लेखापरीक्षकांचे प्रभावी नियंत्रण नव्हते. जुलै २०१० च्या काबूल परिषदेत विकास साहाय्याचा किमान निम्मा भाग दोन वर्षांत अफगाण अर्थसंकल्पातून देण्यास दात्यांनी पाठिंबा दिला, यावरूनच ही उणीव त्यांना ज्ञात होती हे दिसते. अफगाण शासनातील भ्रष्टाचार हे पैसा बाहेरून खर्च करण्याचे एक कारण होते, हे खरे. पण त्यामुळे तेथील नियंत्रणव्यवस्था रुजण्याची संधीही हुकली. ताराखिलचे केंद्र हवे काय, हा प्रश्न ज्यांना डिझेलचा खर्च सोसावा लागणार होता त्यांच्या प्रतिनिधींपुढे वेळीच गेला असता, तर तो लेखापरीक्षणाचा विषय होण्याआधीच धोरणाचा विषय झाला असता.

समारोप

सारांश, हा अहवाल प्रामाणिक असला तरी एकतर्फी आहे. देखरेखीला दोन हिशेब द्यावे लागतात : एक देणाऱ्याला, दुसरा घेणाऱ्याला. पहिला येथे काटेकोरपणे दिला गेला. दुसरा दिलाच गेला नाही. पुढील काळात पहिल्याचीही शाश्वती उरली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या महानिरीक्षकांनी त्या संस्थेची मोडतोड होत असताना साहाय्यनिधीवरील देखरेख दुर्बल झाल्याचा इशारा दिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्या देखरेखीचा आधार केवळ दात्याची इच्छा असते, ती त्या इच्छेबरोबरच संपुष्टात येऊ शकते. म्हणून ज्यांच्यासाठी पैसा खर्च होतो त्यांनाही हिशेब मागण्याचा हक्क देणे हा दात्याचा उदारपणा नव्हे; ती देखरेखीच्या टिकाऊपणाची अट आहे.